वास येतोय तोवर

कुवेतमध्ये तेरा वर्षं तेलाच्या कामात काढली आणि तेवढ्या काळात कच्चं तेल डोळ्यांनी पाहिलं ते तीन वेळा. चौथ्यांदा पाहिलं ते परत आल्यावर, गुहागर तालुक्यात. गावात हे सांगितलं की लोक हसतात. त्यांच्या डोक्यात कुवेत म्हणजे पाय आपटला की तेल उसळतं असा मुलूख. मी तरी कुठे शहाणा होतो? २००९ साली लोट्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून निघालो तेव्हा माझ्याही डोक्यात हेच चित्र होतं.

पहिल्यांदा पाहिलं ते आठव्या महिन्यात. लॅबचा माणूस नमुना घ्यायला आला होता आणि मी शेजारीच एक प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे नळीतला दाब मोजणारं यंत्र, उघडून बसलो होतो. त्याने मास्क चढवला, मलाही चढवायला लावला, वारा कुठून येतोय ते बघून जागा बदलली आणि बारीकसा व्हॉल्व्ह सोडला. बाटलीत आधी नुसता फेस आला, सोड्याच्या बाटलीसारखा. फेस बसला तेव्हा खाली काळं उरलं. त्याने बाटली उजेडाकडे धरली तर कडेला हिरवट-तपकिरी झाक, काकवीत कुणी शेवाळ कालवावं तशी. एक थेंब माझ्या हातमोज्यावर पडला होता. तो मी दोन बोटांत चोळून पाहिला. कोमट लागला. का कोण जाणे, तेल थंडगार असेल असं मी धरून चाललो होतो.

नाहीतर आमचं काम आकड्यांचं. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, कंत्राटदाराकडचा. विहिरींतून येणारं तेल ज्या ठिकाणी गोळा होतं त्याला तिकडे गॅदरिंग सेंटर म्हणतात. दोघा माणसांच्या बोलण्यात नुसतं ‘जीसी’. विहिरीतून जे वर येतं ते निव्वळ तेल नसतं. त्यात गॅस असतो, खारं पाणी असतं, वाळूही असते. सेपरेटरच्या लांबट टाक्यांतून ते एकेक दाब उतरवत नेलं की गॅस वरून सुटतो, पाणी तळाशी बसतं. उरलेल्या तेलातलं मीठ काढायला ते पुन्हा गोड्या पाण्याने धुतात. हो, तेल पाण्याने धुतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. हे सगळं बंद लोखंडात चालतं. बाहेरून दिसतात त्या रंगवलेल्या नळ्या, आणि त्यांच्यावर बसवलेली आमची तबकडीची घड्याळं: दाब किती, तापमान किती, पातळी किती, तासाला किती वाहिलं. ती खरं बोलतात की नाही ते बघायचं, एवढीच माझी नोकरी.

उन्हाळ्यात तीही धड दिसत नसत. ट्रान्समीटरच्या एलसीडी पट्ट्या उन्हाने काळ्याठिक्कर पडायच्या. मग ओलं फडकं टाकून, स्वतःच्या अंगाची सावली करून थांबायचं, आणि दोन-तीन मिनिटांनी आकडे पुन्हा उमटायचे. पान्हे हातमोज्यातूनही चटके द्यायचे. जून ते ऑगस्ट दुपारी अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, म्हणून आम्ही पहाटे चारला बसमध्ये बसायचो. २०१६ च्या २१ जुलैला उत्तरेकडच्या मितरिबात ५३.९ अंश नोंदले गेले, पृथ्वीवर मोजलेल्या सगळ्यात वरच्या तापमानांपैकी एक. आमच्या बसमध्ये त्या दिवशी कुणी चर्चाही केली नाही. पन्नासच्या वर अंगाला फरक कळत नाही.

आमचे फोरमन गुहागरकडचे. सगळी साइट त्यांना चाचा म्हणायची; मल्याळी पोरं, फिलिपिनो, इतकंच काय कुवेती ऑपरेटरसुद्धा. पहिल्या दिवशी सेफ्टीच्या वर्गात आम्हाला चार तास स्लाइड दाखवल्या. बाहेर आल्यावर चाचांनी ते चार तास एका वाक्यात गुंडाळले: “वास येतोय तोवर काम कर. वास गेला की पळ.”

यात विनोद नव्हता. कुवेतचं तेल गंधकाचं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असला की नाक लगेच ओळखतं. पण हवेतलं प्रमाण शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं चला, गॅस गेला. म्हणून जीसीत पावलापावलावर डिटेक्टर बसवलेले. दहा पीपीएमला भोंगा वाजतो आणि सगळे हातातलं टाकून, वाऱ्याची पिशवी बघून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघतात. या डिटेक्टरना ठरलेल्या मुदतीत सिलिंडरमधला तपासणीचा गॅस हुंगवून बघायचं कामही माझ्याकडेच होतं. तेरा वर्षांत मी असे किती हजार डिटेक्टर हुंगवले असतील देव जाणे.

हे तेल जातं कुठे, ते मला सुरुवातीला कळत नव्हतं. मग एकदा चाचांनी अहमदीच्या टेकाडावरून दाखवलं. सबंध देश सपाट, त्यात हे एक लांबट उंचवट्याचं पठार, समुद्रापासून सुमारे १२० मीटर. जीसीतून तेल पंपांनी वर चढवतात, टेकाडावरच्या अवाढव्य टाक्यांत साठवतात आणि जहाज धक्क्याला लागलं की व्हॉल्व्ह सोडतात. तिथून खाली मीना अल अहमदीच्या बंदरापर्यंत ते आपल्या वजनानेच उतरतं. आमच्याकडे वरच्या विहिरीतून आगराला पाट सोडतात, अगदी तसं. पाट बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सुपारीऐवजी खाली टँकर उभे, एवढाच फरक.

या पाटाचं पहिलं पाणी, म्हणजे तेल, सुटलं ३० जून १९४६ रोजी. शेख अहमद अल जाबेर यांनी चांदीचं चाक फिरवून पहिली बोट भरायला सुरुवात केली. त्यांच्याच नावावरून अहमदी. तेल त्याच्या आठ वर्षं आधी सापडलं होतं. इंग्रज आणि अमेरिकन भागीदारीतली कुवेत ऑइल कंपनी १९३४ साली उभी राहिली, त्यांनी आधी उत्तरेला बहरा इथे खोदलं आणि हात हलवत परतले. मग दक्षिणेला बुर्गानला, जिथे डांबर जमिनीतून आपसूकच पाझरायचं, तिथे १९३८ च्या फेब्रुवारीत लागलं. लागलं ते इतकं की बुर्गान आजही सौदीच्या घवारखालोखाल जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं तेलक्षेत्र मानलं जातं. पण महायुद्ध पेटलं आणि १९४२ साली त्या विहिरी सिमेंटने बुजवून टाकल्या, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. घरात धान्याची कणगी सापडावी आणि वर दगड ठेवून चार वर्षं उपाशी बसावं, तशातली गत.

आणि तो देश तेव्हा खरोखर पोटाला चिमटा काढत होता. तेलाआधीचं कुवेत मोत्यांवर आणि गलबतांवर जगायचं. जपानी लोकांनी मोत्यांची शेती सुरू केली आणि मोत्यांचा बाजार बसला. प्यायचं पाणीसुद्धा गलबतातून, शत्त अल अरबच्या नदीतून यायचं. बसऱ्याचा खजूर भरून त्यांची गलबतं मुंबईला आणि मलबारला यायची, जाताना जहाजबांधणीचं सागवान न्यायची. मोती विकायचे तेही मुंबईतच. व्यवहाराला आपला रुपया. १९५९ पासून आखाताकरता रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटाच छापल्या, आणि १९६१ मध्ये कुवेतने दिनार काढला तेव्हा एका दिनाराला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश, असा भाव ठरला. मी गेलो तेव्हा दिनार दीडशेच्या वर होता, निघालो तेव्हा अडीचशेच्या पुढे. माझं चिपळूणचं घर त्या फरकावर उभं आहे, त्यामुळे याबद्दल मी जास्त बोलत नाही.

मुबारकियाच्या जुन्या बाजारात एकदा एका दुकानाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांनी मला थांबवलं. “बम्बई?” मी म्हटलं, चिपळूण. ते त्यांना चालणार नव्हतं. “बम्बई,” त्यांनीच नक्की केलं आणि मग हिंदीत सांगू लागले की त्यांचे वडील दर मोसमात मुंबईला यायचे आणि परत येताना घरासाठी काय काय आणायचे. आंब्याचं अचार हा शब्द त्यांनी असा उच्चारला की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. अचार तिथे अचारच आहे. टॅक्सीवाल्याला सरळ जायला सांगायचं तर ‘सीदा’. हे शब्द ज्या गलबतांतून गेले ती आता संग्रहालयात आहेत. तेव्हा ते आमच्या दारात येत होते, आता आम्ही त्यांच्या. म्हाताऱ्याने मला चहा पाजला, पैसे काही देऊ दिले नाहीत.

अहमदी गाव मात्र कुवेतसारखं दिसतच नाही. कंपनीने वसवलेलं: बैठी घरं, कुंपणाच्या मेंदी, निलगिरीची झाडं, गुळगुळीत रस्ते. जुन्या काळी वस्तीची वाटणीही ठरलेली. उत्तरेला गोरे साहेब, मधल्या भागात हिंदी-पाकिस्तानी कारकून आणि तंत्रज्ञ, दक्षिणेला अरब मजूर. १९७५ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारची झाली आणि ही मांडणी मोडली. म्हणजे साहेबांच्या बंगल्यांत कुवेती आले. मधल्या भागातले आम्ही महबूला-फहाहीलच्या इमारतींत गेलो, एका खोलीत सहा.

पेट्रोलचं विचारतात लोक. स्वस्तच. २०१६ च्या सप्टेंबरात सुपर ६५ फिल्सवरून (हजार फिल्सचा एक दिनार) १०५ वर गेलं तेव्हा केवढा गहजब झाला होता, आणि ते आपल्या पैशात तेवीस रुपये लिटर. मी स्वतः एक थेंबही विकत घेतला नाही. परदेशी माणसाला लायसन्स हवं तर तेव्हा पदवी लागायची आणि पगार सहाशे दिनार लागायचा. माझ्याकडे डिप्लोमा होता. पगाराचं जाऊ द्या.

याहून मोठी गंमत गॅसची. मी पोचलो त्याच वर्षी, २००९ मध्ये, कुवेतने बाहेरून गॅस आणायला सुरुवात केली. उणे १६० अंशांवर द्रव केलेला, जहाजातून. तेलाचा देश आणि गॅस विकतचा! याचं कारण आमच्या सेपरेटरमध्येच होतं. तिथला बहुतेक गॅस तेलाबरोबर येतो. तेल किती काढायचं ते ओपेकच्या, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेच्या, कोट्यावर. कोटा कमी झाला की तेल कमी, की गॅसही कमी. आणि उन्हाळ्यात तर सगळा देश एसीवर, प्यायचं पाणीही समुद्राचं पाणी तापवून केलेलं, म्हणजे विजेची आणि इंधनाची भूक तेव्हाच सर्वांत जास्त. एकाच टाकीतून दोन नळ, एक बंद करायला जावं तर दुसराही आटतो. हे गणित मला आमच्या जीसीच्या तबकड्यांवर उन्हाळ्याच्या उन्हाळे दिसायचं.

पैशाचंही तेलासारखंच, वाहतो पण दिसत नाही. स्वातंत्र्य मिळायच्या आधीच, १९५३ मध्ये, कुवेतने लंडनमध्ये गुंतवणूक मंडळ काढलं. जगातला असा पहिला सरकारी निधी. १९७६ पासून पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा फंड, त्यात २०२० पर्यंत दरवर्षी उत्पन्नाचे दहा टक्के जायचे. इराकने देश गिळला त्या सात महिन्यांत कुवेतचं परागंदा सरकार याच बाहेरच्या पैशावर चाललं. हे मला खरंच शहाणपणाचं वाटतं, आणि आपल्याकडच्या पुढाऱ्यांची आठवण येऊन जरा हसूही येतं. पण आमचा कंत्राटदार २०२० च्या उन्हाळ्यात सलग तीन महिने पगार थकवून बसला होता, तेव्हा मेसमध्ये डाळ पातळ होत गेली होती. पुढच्या पिढ्या निर्धास्त, आणि या पिढीचा आमचा कूक उधारीवर.

चाचा १९९० साली तिथेच होते, पंचविशीतले. २ ऑगस्टला सकाळी उठले तर रस्त्यावर इराकी रणगाडे. खिशात दिनार होते, घ्यायला कुणी तयार नव्हतं. बगदादमार्गे बसने जॉर्डनची सरहद्द, तिथे वाळूत तंबू, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. असे दीड लाखांहून जास्त भारतीय त्या दोन महिन्यांत परत आले. चाचा गावी पोचले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. आणि दहा महिन्यांनी, १९९१ च्या उन्हाळ्यात, परत गेले. मी विचारलं होतं, का गेलात? ते म्हणाले, “घराला कौलं घालायची राहिली होती.”

त्या उन्हाळ्यात कुवेतमध्ये सगळं तेल सगळ्यांना दिसत होतं. माघार घेताना इराकी सैन्याने विहिरींना सुरुंग लावले होते, सहाशेहून जास्त विहिरी पेटल्या. चाचा सांगायचे की भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागत. आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावायचं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे शिंतोडे. आणि जी विहीर पेटलेली नसायची ती नुसतीच ओकत असायची. तेलाची तळीच्या तळी साचलेली, वरून आभाळ दिसतं म्हणून पाणी समजून पक्षी उतरायचे.

विझवायला पाणी हवं, वाळवंटात पाणी कुठलं? मग जी नळी टेकाडावरून समुद्राकडे तेल न्यायची तीच उलटी चालवली. समुद्राचं पाणी तेलाच्या नळीतून वर वाळवंटात आणलं, खड्डे खणून तळी केली, तिथून फवारे. माझ्यासारख्या नळ्यांच्या माणसाला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत भारी वाटते. पाट उलटा वाहवला. हंगेरीहून आलेल्या एका टोळीने तर रणगाड्यावर मिग विमानाची दोन इंजिनं बसवली होती आणि त्यांच्या झोताने आग फुंकून विझवायचे, केकवरची मेणबत्ती विझवावी तशी. पाच वर्षं तरी लागतील म्हणणारे तज्ज्ञ होते. शेवटची विहीर ६ नोव्हेंबरला विझली, त्याच वर्षी.

दुसऱ्यांदा मी तेल पाहिलं ते याच दिवसांतलं होतं. बुर्गानमध्ये एका विहिरीवर जाताना गाडी थांबवून ड्रायव्हर खाली उतरला, मीही उतरलो. वाळू नेहमीची पिवळी दिसत होती. बुटाच्या टाचेने दोन बोटं उकरलं तर खाली काळा थर, काजू बियांची टरफलं जळून चिकटावीत तसा, वाळू आणि तेल एकजीव झालेलं. दुपारच्या उन्हाने तो मऊ झाला होता, टाचेचा ठसा उठला. माझ्या जन्माच्या आसपास सांडलेलं तेल अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. पुढे ते उकरून, माती साफ करण्याची मोठी कामं निघाली, इराककडून मिळालेल्या भरपाईतून. त्या भरपाईचा शेवटचा हप्ता इराकने २०२२ च्या जानेवारीत फेडला, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. मीही त्याच वर्षी सामान बांधलं. माझा हिशेब त्यामानाने लवकर झाला, ग्रॅच्युइटीच्या कागदावर दोन सह्या.

तिसऱ्यांदा एका फ्लँजचं गॅस्केट, म्हणजे नळ्यांच्या सांध्यातली चकती, गेलं आणि अंगातल्या कव्हरऑलवर बारीक तुषार उडाले. कव्हरऑल फेकून दिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

१२ जून २०२४ ला सकाळी फोन वाजायला लागले. मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली होती. मंगफ म्हणजे आमच्या महबूलाच्या जवळचा भाग. त्याच बसने आम्ही जायचो. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांत ४५ आपल्याकडची, सुमारे निम्मी मल्याळी. बरेच धुराने, झोपेतच. मी दिवसभर एकेकाला फोन लावत होतो. जुन्या ग्रुपवरचे आमचे सगळे सुखरूप होते.

पण त्या रात्री मला माझी महबूलाची खोली आठवत राहिली. दिवसभर मी लाखमोलाचे डिटेक्टर तपासायचो, अमुक पीपीएमला भोंगा वाजतो की नाही त्याच्या नोंदी करायचो, सही करायचो. आणि रात्री ज्या इमारतीत झोपायचो तिच्या जिन्यात धुराची साधी घंटाही नव्हती. जिन्यावर सायकली, गाद्या, तांदळाच्या गोण्या. सहा जणांत एक दार. तेरा वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे विचारावं. कामाच्या जागी सगळं तपासायची सवय, घरी आल्यावर बूट काढावेत तशी दाराबाहेर ठेवून आत जायची.

चाचांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गणपती झाले की ये एकदा. पाऊस जरा थांबू दे.”

गेलो. घर छान आहे, कौलारूच ठेवलंय, वर पोटमाळा. पोटमाळ्यावरून त्यांनी पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. आतमध्ये जुने पासपोर्ट, कंपनीचा बिल्ला असलेलं हेल्मेट, नातवंडांचे कपडे होऊन उरलेली कापडं, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक पांढरा टॉवेल. ‘पांढरा’ म्हणायचं आपलं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये दोरीवर वाळत घातला होता तो. त्याच्यावर मोहरीएवढे, ज्वारीएवढे काळे ठिपके, एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला विरळ, वारा कुठून होता ते आजही सांगता येईल असे.

“किती वेळा धुतला,” चाची म्हणाल्या. “दर पावसाळ्यात म्हणते, याची फडकी करूया. ऐकतील तर शपथ.”

मी तो हातात घेतला. ठिपका बोटाला लागला तर कडक, जुन्या डांबरासारखा. सवयीने नाकाशी नेला. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता, पावसाळ्यातल्या कपड्यांचा कुबट वास होता. तेलाचा नव्हता.

“येतोय वास?” चाचांनी विचारलं.

“नाही.”

“मग पळ की!” चाचा म्हणाले, आणि चाचींना त्यांनी चहा टाकायला सांगितला.